चौदा मार्चचा रकाना

फ्राउकेच्या घरी वाढदिवसांचं कॅलेंडर संडासाच्या दाराला आतून टांगलेलं होतं, त्यांच्याकडे सगळ्यांच्याच घरी असतं तसं. त्यात वार नसतात, नुसत्या तारखा. त्यामुळे ते कधी जुनं होत नाही. चाळीस वर्षांत त्यातली नावं फ्राउकेनेच लिहिली आणि कार्डंही तिनेच पाठवली. नवऱ्याच्या, हार्मच्या, आत्या, मावश्या, चुलत भावांची पोरं, कुणी सुटलं नाही. बायकोचं कामच ते, असं तिची आई म्हणे, आणि फ्राउकेलाही ते कधी खटकलं नव्हतं.

हार्म डेअरीतून निवृत्त झाला आणि खटकायला लागलं. ती आठवड्याचे चार दिवस वाचनालयात कामाला जाई. हा घरी बसून दुर्बिणीतून बदकं पाही.

"नव्या वर्षापासून वाढदिवस तुझ्याकडे," ती म्हणाली. "माझ्या माणसांचेसुद्धा."

"त्यात काय एवढं?" हार्म म्हणाला.

आणि खरंच, गड्याने काम चोख केलं. रोज सकाळी बसल्या बसल्या कॅलेंडर वाचायचं, बाहेर येऊन कार्ड लिहायचं. फेब्रुवारी संपेपर्यंत एकही वाढदिवस चुकला नाही. नातेवाईक फोन करकरून त्याचं कौतुक करू लागले. फ्राउकेचं चाळीस वर्षांत कुणी केलं नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं, चौदा मार्चचा रकाना कोराच आहे. स्वतःचं नाव कुणी स्वतः लिहितं का? आजवर तिच्या वाढदिवसाचा केक तीच सांगायची, माणसं तीच बोलवायची. हार्म तेवढ्या खुर्च्या मांडायचा. पेन्सिल घेऊन ती दोनदा आत गेली आणि दोनदा तशीच बाहेर आली. लिहिलं तर तो कार्ड देईल, पण आपण त्याच्या लक्षात होतो की नाही हे कधीच कळणार नाही. तिला तेच तर कळायला हवं होतं.

चौदा तारखेला हार्मने कॉफी प्यायली, भाच्याच्या परवाच्या वाढदिवसाचं कार्ड लिहिलं आणि विचारलं, "आज इतकी गप्प का? बरं नाही का?"

"बरी आहे की."

चार वाजता बेल वाजली. दारात हार्मची थोरली बहीण यांतिना, हातात ट्यूलिपची जुडी. वाढदिवस एकाचा असला तरी घरच्या सगळ्यांचं अभिनंदन करायचं, या रीतीप्रमाणे तिने आधी भावाच्याच गालांचे तीन मुके घेतले. "अभिनंदन रे, बायकोच्या वाढदिवसाचं!"

हार्मचा चेहरा पांढराफटक पडला. तो तडक संडासात शिरला आणि आतूनच ओरडला, "अगं, इथे लिहिलेलंच नाही!"

"यादीत नसले तर मी नाहीच का रे?" फ्राउके म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं आणि ते तिने लपवलं नाही.

"भांडा नंतर," यांतिना म्हणाली. "वाऱ्याच्या तोंडावर सायकल मारत आलेय मी. एका बिस्किटावर भागवू नका मला."

हार्म बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो सायकल काढून टोपीशिवायच बेकरीकडे सुटला.

फ्राउके आत गेली. चौदाच्या रकान्यात तिचं नाव होतं, पेनाने, वेडंवाकडं. तेराच्या रकान्यात लिहिलं होतं, 'केक सांगणे.' बाराच्या रकान्यात, 'माणसं बोलावणे.' आणि दोन्हींच्या पुढे, खाली जाड रेघ मारून, 'मी.'

तिने दाराला कडी घातली आणि पोटभर रडून घेतलं. बाहेर यांतिना बिस्किटांचा डबा शोधत होती.