पाण्याचे तुकडे

प्रियदर्शनी तायडेला पाच दिवस मिळाले होते. दिल्लीतल्या एका संस्थेत कार्बनचे आयन प्रचंड वेगानं सोडणारं यंत्र आहे. त्यावर प्रयोग करायला देशभरातले संशोधक अर्ज करून वर्षभर थांबतात. पातूरच्या या मुलीच्या वाट्याला गेल्या फेब्रुवारीतले पाच दिवस आले, आणि त्यातला दीड दिवस वायाही गेला.

प्रयोग सांगायला सोपा होता. हवा काढून घेतलेल्या पोलादी पेटीत पाण्याच्या वाफेची बारीक धार सोडायची आणि तिच्यावर आयनांचा मारा करायचा. पाण्याच्या रेणूला धडक बसली की त्याचे इलेक्ट्रॉन उडतात. दोन उडाले, तर उरलेले भाग एकमेकांना ढकलतात आणि रेणू फुटतो. हायड्रोजन हलका, तो आधी पोचतो. ऑक्सिजन आणि हायड्रोजनची उरलेली जोडी मागून येते. कधी तिन्ही अणू तीन वाटांनी जातात. कोण कधी पोचलं यावरून रेणू कसा फुटला ते ओळखायचं. कर्करोगाच्या गाठीवर काही ठिकाणी असेच आयन सोडतात. शरीरात सगळ्यात जास्त पाणीच असतं, म्हणून पाणी कसं फुटतं हे नीट माहीत असावं लागतं.

पण पडद्यावर पाण्याच्या तुकड्यांबरोबर नायट्रोजन दिसत होता, ऑक्सिजनचे पूर्ण रेणू दिसत होते. म्हणजे हवा. दिसणारा ऑक्सिजनचा अणू पाण्यातून सुटला की हवेतून, हे सांगता येईना. प्रियदर्शनीनं पेटीचा सांधा न् सांधा तपासला. कुठेही गळती नव्हती. तिचे मार्गदर्शक परदेशात होते. याआधी तिनं सिलिंडरमधल्या वायूंवर काम केलं होतं, पाण्यावर ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कँटीनमध्ये डोकं धरून बसली होती. समोर पाण्याचा जग होता. काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटले होते. ते बघता बघता तिला एक आवाज आठवला.

"पान्याच्या पोटात हवा असते पोरी. ते पयले काढा लागते, मंगच पानी खरं."

अमरावतीच्या कॉलेजात, एमएस्सीच्या वर्षाला, हे तिला चंद्रभानकाकांनी सांगितलं होतं. चंद्रभान गावंडे पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिचर होते. शिक्षण दहावी, नोकरी एकतीस वर्षं. पाणी गोठवायला लागणारा द्रव नायट्रोजन ते गुरांच्या दवाखान्यातून, जिथे वळूचं रेत साठवतात तिथून, सायकलला टाकी बांधून आणायचे. काचेच्या चंबूत थोडंच पाणी घ्यायचं, चंबू कलता धरून फिरवत फिरवत गोठवायचा, वरची हवा पंपानं ओढायची, बर्फ वितळू द्यायचा. असं तीनदा. वितळताना अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते.

प्रियदर्शनी उठली आणि तिनं तेच केलं. चंबूत पाणी थोडंच घेतलं, कारण जास्त भरलं की काय होतं हे तिला चांगलं माहीत होतं. संध्याकाळी पाचला पुन्हा मारा सुरू झाला. पडद्यावर नायट्रोजन नव्हता. हायड्रोजनचा उंच कळस होता, आणि त्याच्या पुढे जोडीचा. उरलेले तीन दिवस ती यंत्रापाशीच होती. लाखो रेणू फुटताना तिनं मोजले.

त्याच मोजणीवर लेख तयार झाला. शेवटी आभार मानायचे असतात, तिथे तिनं चंद्रभान गावंडे हे नाव लिहिलं.

"हे कोणत्या संस्थेतले?" मार्गदर्शकांनी विचारलं.

"अमरावतीच्या आमच्या कॉलेजातले. लॅबमध्ये परिचर होते."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असू दे. त्यांचंच नाव पहिलं असू दे."

लेख छापून आला तेव्हा ती सुट्टीवर पातूरला होती. काका निवृत्तीनंतर मुलीकडे अकोल्याला राहतात, एवढं तिला ठाऊक होतं. वडिलांनी, पुंजाजींनी, कुठून तरी पत्ता काढून दिला. छापील प्रत पिशवीत घालून ती सकाळच्या बसनं निघाली. आभार मानायचे होतेच, पण एक कबुलीही द्यायची होती.

दार काकांच्या मुलीनं, दामिनीनं, उघडलं. काका मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"बाप्पा! तायडेची प्रियदर्शनी! कुठं होती तू इतके वर्ष? ये, बस."

तिनं लेख त्यांच्या हातात दिला. शेवटच्या पानावर बोट ठेवलं. इंग्रजीतलं आपलं नाव काकांनी एकेक अक्षर लावत वाचलं.

"हे माह्यं नाव काहून?"

तिनं पाच दिवसांची गोष्ट सांगितली. काका मधेमधे प्रश्न विचारत होते. धार किती बारीक, पेटी केवढी, किती वेळा गोठवलं. मग त्यांनी कागद घडी न पाडता बाजूला ठेवला.

"आनंद झाला पोरी. पन खरं सांगू? ते काम मी मंग सोडलंच होतं. तो चंबू फुटला नं, त्याच्यानंतर नायट्रोजनले हात लावला नायी म्या. म्हटलं, हात गेला आपला आता."

याच दिवसाबद्दल बोलायला प्रियदर्शनी आली होती.

आठ वर्षांपूर्वी काकांनी चंबूत नेमकं पाणी भरून, काच उडू नये म्हणून त्याला कापड गुंडाळून ठेवलं होतं आणि ते चहाला गेले होते. एवढंसं पाणी काय पुरणार, असं वाटून प्रियदर्शनीनं तो गळ्यापर्यंत भरला आणि कापड पुन्हा नीट लावलं. काकांनी येऊन तो पंपाला जोडला आणि कापडासकट तसाच नायट्रोजनमध्ये धरला. आतलं पाणी बर्फ होताना फुगलं, काच तडकली, पाणी आणि चुरा पंपात गेला. विभागातला एकुलता एक चांगला पंप. विभागप्रमुखांनी कोणाकडून झालं विचारलं तेव्हा काका म्हणाले, "माह्याकडून झालं सर." निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना त्यांना लेखी ताकीद मिळाली. प्रियदर्शनी दाराशी उभी होती. ती गप्प राहिली.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही मला वाचवलंत असं मी आजपर्यंत समजत होते. तुम्ही चहाला गेलात तेव्हा चंबू मी भरला होता. गळ्यापर्यंत. तुम्हाला ते कळलं असेल, आणि तरी तुम्ही माझं नाव घेतलं नाही, असं वाटायचं मला."

काकांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तू भरला होता?"

"हो."

"गयापर्यंत?"

"हो काका."

दामिनी दारात येऊन उभी राहिली होती. काकांनी शेंग खाली ठेवली. प्रियदर्शनीला वाटलं, आता ते जा म्हणतील.

"आठ वर्ष मी सोताले शिव्या देऊन राहिलो," ते म्हणाले. "एकतीस वर्षात एक चंबू फुटला नव्हता माह्या हातानं. म्हटलं, मातारपन आलं, हात कापून राहिले. दामिनी, आयकलं का वो? हात बरोबर होता माह्या!"

"आयकलं बाबा," दामिनी म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "लई दिवस झोपले नव्हते हे तवा," तिनं प्रियदर्शनीला सांगितलं.

"माफ करा काका. तेव्हाच बोलायला हवं होतं."

"बोलायले पायजे होतं," काका सरळ म्हणाले. "पन आली नं तू? न येती तं मले मरेपर्यंत कोन सांगनार होतं? तुह्ये उपकार मानतो मी."

"उलटं होतंय काका. आभार मी मानायला आले."

"मंग दोघं मानू. जेवून जा."

जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं की ते तुटलेलं पाणी पुढे कुठं जातं. तिनं सांगितलं की पेटीत ते पंपानं ओढलं जातं, पण शरीरात तसं नसतं. तिथे तुटकी जोडी शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेते. त्यानंही गाठीतल्या पेशी मरतात, आणि चांगल्या पेशींनाही झळ लागते. म्हणून किती तुकडे, कसे पडतात हे मोजायचं.

पुढच्या आठवड्यात दोघं रेल्वेनं अमरावतीला गेली. प्रियदर्शनीनं विभागप्रमुखांना भेटून तो दिवस जसा घडला तसा सांगितला. आताचे प्रमुख गजेंद्र ठाकरे तेव्हा कनिष्ठ अध्यापक होते. त्यांनी जुनी फाइल मागवली, ताकिदीखाली तिचं निवेदन जोडून सही केली आणि उठून काकांचा हात हातात घेतला. मग म्हणाले, "आज एमएस्सीची मुलं प्रयोगशाळेत आहेत. पाण्यातली हवा कशी काढायची ते दाखवाल का?"

काकांनी प्रियदर्शनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी टाकी धरते."

बारा मुलंमुली टेबलाभोवती गोळा झाली. काकांनी चंबू उजेडाकडे धरून पाणी बघितलं, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "जरा सरकून उभे राहा बाप्पा. घाई कोनालेच नायी."