कारणाचा रकाना

“कारण?” आयझिरेकने विचारलं.

“गुडघा,” मेलिस अगाय म्हणाले. “इतिहासाचा बेकतूर आहे ना, त्याचा. त्याला तळमजल्याच्या वर चढवायचं नाही.”

“म्हणजे वैद्यकीय.” तिने संगणकावर टिपून घेतलं. “दाखला आहे त्यांचा?”

“गुडघ्याला दाखला कशाला, पोरी? माणूस चालताना दिसतो की.”

आयझिरेक हसली, पण पडद्यावर त्या नियमापुढचा चौकोन लालच राहिला. दाखला मिळेपर्यंत तो हिरवा होणार नव्हता.

या खोलीतला आजचा तिसरा दिवस. ती बिश्केकहून ऑक्टोबरात नारीनला आली होती, तेव्हा घाटात नुकताच बर्फ पडला होता. विद्यापीठाचं सगळं कामकाज वेबवर न्यायचं होतं. प्रवेश, गुण, वसतिगृह, ग्रंथालय, वेळापत्रक, जे काही असेल ते एका ठिकाणी, प्रत्येकाच्या फोनवर दिसेल असं. प्रणाली बांधण्याआधी तिचा आराखडा करायचा आणि आराखड्यासाठी प्रत्येक माणसाला विचारायचं, तुम्ही काम कसं करता. परीक्षा विभाग अर्ध्या दिवसात उरकला. ग्रंथपालबाईंनी तर दोन तासांत सगळं सांगून वर चहाही पाजला. अडकली ती इथे, वेळापत्रकाच्या खोलीत.

इथे एकतीस वर्षं मेलिस अगाय बसत होते. अगाय म्हणजे गुरुजी. त्यांनी वर्गात कुणाला शिकवलं नव्हतं, तरी त्यांना सगळे अगायच म्हणत. भिंतभर चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने ते अख्ख्या विद्यापीठाचा आठवडा मांडत. दोनशे शिक्षक, पासष्ट खोल्या. नियम मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. ते त्यांच्या डोक्यात होते आणि आता एकेक करून बाहेर काढायचे होते, दात काढावेत तसे.

“अत-बाशीहून येणाऱ्यांना पहिला तास नाही, त्यांची गाडी पावणेनऊला पोचते. एकशे आठमध्ये नोव्हेंबरपर्यंत कुणी नाही, तिथलं रेडिएटर उशिरा तापतं. भौतिकशास्त्रातले ते दोघं, त्यांना मधली सुट्टी एकाच वेळी द्यायची नाही.”

“का?”

“घटस्फोट झालाय त्यांचा. एकच चहाची खोली आहे खाली. कुठे तोंड लपवतील?”

आयझिरेकने डोळे चोळले. “अगाय, प्रणालीला असं कसं सांगू मी? कारणाच्या रकान्यात सहाच पर्याय आहेत. वैद्यकीय, पद, प्रवास, धर्म, दुसरी नोकरी, खोलीची अडचण.”

“मग सातवा घाल. ‘माणूस आहे’ म्हणून.”

अगाय चेष्टेने म्हणाले खरे, पण तेही थकले होते. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट नियम झाले. बासष्टांना काही ना काही कारण मिळालं. त्रेसष्टाव्याला अगायांनी नुसती मान हलवली.

“रसायनशास्त्राच्या सायकाल एजे,” आयझिरेकने वाचलं. बाईंना मानाने एजे, म्हणजे ताई, म्हणत. “सगळे तास सकाळी, आणि खोली दोनशे चौदाच. कारण?”

“ते राहू दे रिकामं.”

“रिकामं चालत नाही.”

“मग सभेत बघू,” अगाय म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

सात वर्षांपूर्वी डिसेंबरात दुसऱ्या पाळीचा शेवटचा तास सुटला होता. उत्तरेकडच्या इमारतीतल्या लांब बोळात एकच दिवा जळत होता. सायकाल तळहात भिंतीला लावून एकेक पाऊल टाकत चालली होती. समोरून अगाय आले, अगदी हातभर अंतरावर थांबले, पण तिला ते दिसले नाहीत. ते श्वास रोखून बाजूला झाले, ती पुढे गेली. तिच्या आईलाही असाच रातांधळेपणा होता, सगळ्या गल्लीला माहीत होतं. पुढे तो दिवसाही पसरत गेला होता. आणि सायकाल म्हणजे नवऱ्यामागे दोन मुली एकटीने वाढवणारी बाई. हातात रोज ॲसिडच्या बाटल्या. कुणाला कळलं तर तिला तपासणीला पाठवतील आणि तिथून थेट घरी.

पुढच्या सत्रात सायकालचे सगळे तास सकाळचे झाले, दोनशे चौदा क्रमांकात. ती खोली दक्षिणेची, तीन मोठ्या खिडक्यांची. अगाय त्यावर कधी बोलले नाहीत, सायकालनेही कधी विचारलं नाही. बोळात भेट झाली की ती म्हणायची, “बरं आहे ना, अगाय?” आणि ते म्हणायचे, “बरं आहे.”

सभा नोव्हेंबरात झाली. लांब टेबल, तळलेल्या पिठाच्या बोरसोकांच्या थाळ्या, गार होत चाललेला चहा. आयझिरेक भिंतीवर एकेक नियम दाखवत होती आणि विभागप्रमुख नि जुने शिक्षक हो-नाही म्हणत होते. तिसऱ्या तासाला लोक जांभया द्यायला लागले. मग भिंतीवर त्रेसष्टावा नियम आला, आणि कारणाच्या जागी काहीच नाही.

उपकुलगुरू झानारबेक सरसावून बसले. माणूस वाईट नव्हता, त्याच्यावर काम मुदतीत उरकण्याचा वरून धाक होता.

“सात वर्षं सकाळचे तास आणि सगळ्यात उबदार खोली,” ते म्हणाले. “वा! आमच्या नशिबी का नाही असं? काय हो अगाय, काय भानगड आहे?”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. अगाय विधुर होते, सायकाल विधवा. नारीनमध्ये एवढं पुरतं. खिडकीजवळ सायकाल बसली होती, चहाच्या पेल्याभोवती दोन्ही हात धरून. तिने मान वर केली नाही.

अगाय उभे राहिले. खरं म्हणजे उभं राहायची गरज नव्हती.

“भानगड काही नाही,” ते म्हणाले. “आळस.”

“म्हणजे?”

“एकदा तसं लागलं. मग दरवर्षी जुन्याचंच नवीन उतरवत गेलो. कोण परत जुळवत बसणार? वय झालं. काढून टाका तो नियम.”

“घ्या!” झानारबेक हसले. “आणि आम्ही इतकी वर्षं ह्यालाच अनुभव म्हणत होतो.”

सगळे हसले. बेकतूरही हसला, ज्याच्या गुडघ्याचा चौकोन अजून लाल होता. अगाय खाली बसले. कान तापले होते. एकतीस वर्षांत एकदाही त्यांनी जुना कागद नव्यावर उतरवला नव्हता. दर ऑगस्टला कोरा कागद ताणून पहिल्या सोमवारच्या पहिल्या तासापासून सुरुवात केली होती. हे त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं, आणि आता सांगायची सोय उरली नव्हती. आयझिरेकने कळ दाबली. त्रेसष्टावा नियम गेला.

नोव्हेंबरअखेर प्रणालीने स्वतःचं पहिलं वेळापत्रक मांडून दाखवलं, चार मिनिटांत. अगायांनी ते बारकाईने पाहिलं. चांगलं होतं. त्यांना महिनाभर लागायचा आणि तरी दोन-चार तास एकमेकांवर चढायचे. इथे एकही चढला नव्हता. जानेवारीपासून सायकालचे चार तास दुसऱ्या पाळीला होते, उत्तरेकडच्या इमारतीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायकाल त्यांच्या खोलीत आली. दार लावून घेतलं.

“कधीपासून माहीत होतं तुम्हाला?”

“कशाचं?”

“अगाय, आता पुरे करा.”

त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाले, “बसा. मी त्या पोरीशी बोलतो. रसायनांचे रंग उन्हातच नीट दिसतात, असं काहीतरी सांगू. विषयाचा नियम होईल, माणसाचा नाही.”

“आणि पुढच्या वर्षी? आता सकाळीही कडा दिसत नाहीत मला. परवा एका मुलीच्या हातावर सांडणार होतं. तीच मागे सरकली म्हणून वाचली.” ती थांबली. “तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर आळस म्हणालात. घरी जाऊन मला घास गेला नाही.”

“त्यात काय एवढं.”

“तुमच्यासाठी नसेल. मी इतकी वर्षं तुमच्या पांघरुणात लपले, अगाय. आता त्या पोरींचे हात पणाला लावून लपू?”

ती उठली आणि सरळ आयझिरेककडे गेली.

आयझिरेकने नियम पुन्हा घातला. कारण: वैद्यकीय. चौकोन लाल झाला. दाखला लागत होता. दाखल्यासाठी तपासणी झाली, आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं की प्रयोगशाळेत काम करण्यास अयोग्य. झानारबेक स्वतः सायकालच्या खोलीत गेले, टोपी हातात धरून बराच वेळ बसले. कार्यालयात एखादं बसून करण्याचं काम देतो म्हणाले. ती नको म्हणाली. तिचा शेवटचा दिवस एकतीस डिसेंबर ठरला.

त्या आठवड्यात आयझिरेक अगायांच्या दाराशी येऊन उभी राहिली.

“मला का नाही सांगितलंत? मी काहीतरी केलं असतं.”

“तू काय केलं असतंस?”

“माहीत नाही,” ती म्हणाली. डोळे पुसून आत आली, खुर्ची ओढली. “बेकतूर अगायांचा दाखला मी स्वतः जाऊन आणला. चौकोन हिरवा झाला.”

“चांगलं केलंस. चहा घे.”

एकतीस तारखेला सूर्य डोंगराआड लवकर गेला. निरोपाचा चहा झाला, भाषणं झाली, सायकालच्या खांद्यांवर लोकरीची शाल घातली गेली. लोक नव्या वर्षाच्या घाईत पांगले. सायकाल मोठ्या दारातून बाहेर आली, तेव्हा खाली अंधारून आलं होतं आणि पायऱ्यांवर ताजा बर्फ होता. अगाय दाराशीच होते.

“हात देऊ?”

“नको. अकरा आहेत, मला पाठ आहेत. पण आज बर्फ आहे.” ती घुटमळली. “नुसतं मोजा.”

अगाय एक पायरी खाली उतरले. बुटाने बर्फ बाजूला सारला. “एक.”

ती उतरली.

“दोन.”

मागे दार उघडलं. झानारबेक होते, हातात गाडीची किल्ली. काय चाललंय ते त्यांना कळलं असावं. ते तिथेच थांबले, दार हळूच धरून ठेवलं, म्हणजे आतला उजेड पायऱ्यांवर पडेल. त्या उजेडाचा तिला उपयोग नव्हता.

“नऊ,” अगाय म्हणाले. “दहा. अकरा.” मग सावकाश, “आता सपाट आहे.”

सायकालने पाऊल टाकलं, जमीन चाचपली, आणि शाल आवरून ती रस्त्याच्या दिशेने चालू लागली.