उघडे ठेवलेले दोन बोटे लोखंड

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण माझ्या उजेडात कुणी कधी पुस्तक वाचले नाही. ट्रकच्या मागच्या दिव्यातला एक बल्ब, त्याला डाख देऊन जोडलेल्या दोन लांब तारा, एका तारेच्या टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला खिळा. एवढेच माझे शरीर. मोटारीत वीज कुठवर पोहोचते ते मी दाखवतो. पोहोचली तर पेटतो, नाही तर नाही. खोटे बोलणे मला जमत नाही. पण प्रश्नच चुकीच्या जागी विचारला, तर खऱ्या उत्तराचाही उपयोग होत नाही. हे मला जयपुरात कळले.

मला १९५४ साली सर्जेरावांनी बनवले. ते साताऱ्याकडचे, फौजेत ट्रक चालवून निवृत्त झालेले. डॉक्टर नीलकंठ जयपूरच्या इस्पितळात होते आणि आठवड्यातून दोन दिवस औषधे घेऊन खेड्यांत जात. त्यांच्या पिकअपचे सर्जेराव चालक. गाडी लढाईच्या काळातली होती, पण ती नवी वाटावी अशी सर्जेरावांनी ठेवली होती.

दरवर्षी खंडेनवमीला ते पाने, पक्कड, जॅक आणि मला गाडीपुढे पाटावर मांडत आणि कुंकू लावत. त्याआधी आठवडाभर गाडीचे रंगकाम चाले. गंजाचा त्यांना मनस्वी राग. वरवर ब्रश फिरवणे त्यांना पटत नसे. एकेक बोल्ट काढायचा, खालचे लोखंड घासायचे, हिरवा रंग द्यायचा, वाळला की बोल्ट परत बसवायचा. सीकर रस्त्यावरचे गॅरेजवाले उस्ताद त्यांना चिडवत, "मराठाजी, गाडी है या दुल्हन? एक घूँघट भी डाल दो!"

सर्जेराव हसत. पण माझा चिमटा गाडीच्या अंगाला लावायला उस्ताद पुढे झाले, की ते त्यांचा हात धरत. चिमटा नीट बसायचा तर रंग खरवडावा लागतो. "माझ्या गाडीला ओरखडा नको. सीधा बैटरी पर लगाओ," ते म्हणत. मग माझा चिमटा नेहमी बॅटरीच्या टोकालाच लागे.

१९६० ची खंडेनवमी झाली आणि त्या हिवाळ्यात गाडी अडू लागली. स्टार्टर पायाने दाबला की नुसता 'टक्' आवाज येई आणि दिवे मंदावत. दोन धक्के दिले की सुरू होई, मग आठ दिवस काही नाही. सर्जेरावांनी बॅटरी बदलली, जाड तार बदलली, स्टार्टर उतरवून त्याची आतली तार नव्याने गुंडाळून घेतली. प्रत्येक वेळी त्यांनी मला विचारले आणि प्रत्येक वेळी मी लख्ख पेटलो. बॅटरीत वीज होती. स्टार्टरपर्यंत वीज होती. दोष कुठेच नव्हता आणि गाडी चालत नव्हती.

"सर्जेराव, पेशंट असा असता तर मी म्हटलं असतं, ढोंग करतोय," डॉक्टर म्हणाले.

"गाडी ढोंग करत न्हाई, डॉक्टरसाहेब. मलाच दिसंना झालंय," सर्जेराव म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत, असे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळले.

मग १९६१ चा मे महिना आला. मुरलीपुऱ्याच्या पुढे, सीकर रस्त्यापासून आत चार मैलांवर एक गाव होते. तिथे सुगणी नावाची सात वर्षांची मुलगी खाटेवर पडली होती. तिला घटसर्प झाला होता. घशात पांढरा पापुद्रा आला होता आणि प्रत्येक श्वासाला बारीक शिटी वाजत होती. डॉक्टरांनी घटसर्पाच्या विषावरचे इंजेक्शन दिले, पण ते काम करायला वेळ घेते. त्याआधी घसा बंद झाला तर गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागणार होती आणि ते इस्पितळातच नीट होणार होते. गावात दुसरी मोटार नव्हती. उंटगाडीला तीन तास लागले असते.

खाट पिकअपमध्ये चढवली. सर्जेरावांनी पायाने स्टार्टर दाबला. टक्.

पुन्हा टक्. धक्के दिले, हँडल मारले. ठिणगीसुद्धा नाही. आजपर्यंत गाडी अडत होती, आज ती पुरती बंद पडली.

सर्जेरावांनी मला काढले. चिमटा बॅटरीला, खिळा स्टार्टरला. मी पेटलो. मित्रांनो, आपल्या उजेडाची मला त्या दिवशी लाज वाटली.

मागून डॉक्टरांचा आवाज आला, "किती वेळ?"

"वीज जातीय, साहेब. स्टार्टरपतूर जातीय."

"जाते ते ठीक. परत कुठून येते?"

"परत? अंगातनंच की. समदी गाडी लोखंडाची. लोखंडातनं बॅटरीला..."

सर्जेराव बोलता बोलता थांबले. बॅटरीचे एक टोक गाडीच्या सांगाड्याला तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडलेले असते. परतीची वाट तीच. सहा महिने कुणी तिच्याकडे पाहिले नव्हते, कारण माझा चिमटा बॅटरीच्या त्याच टोकावर बसून ती वाट टाळत होता.

त्यांनी चिमटा जिथे होता तिथेच ठेवला आणि खिळा इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवला. या दोन जागा एकमेकींना पक्क्या जोडलेल्या असायला हव्यात. तसे असेल तर मी पेटण्याचे कारण नाही. पण स्टार्टर दाबणार कोण? डॉक्टरांचा हात मुलीच्या नाडीवर होता. सर्जेरावांनी तिच्या आजीला चालकाच्या जागी बसवले. तिने जन्मात मोटारीत पाय ठेवला नव्हता.

"टूट तो कोनी ज्यासी, बेटा?" तिने घाबरून विचारले.

"नहीं टूटेगा, माजी. जोर से दबाओ."

तिने दाबले आणि मी पेटलो. जिथे पेटू नये, तिथे पेटलो. विजेला परतीची वाट नव्हती, म्हणून ती माझ्या बारीक तारेतून घरी जाऊ पाहत होती.

सर्जेराव तापल्या वाळूवर पाठ टेकून गाडीखाली शिरले. पट्टीचा बोल्ट काढला. खाली गुळगुळीत, सुंदर हिरवा रंग होता, त्यांनीच दिलेला. इतके दिवस बोल्टच्या आट्यांतून जेमतेम वीज जात होती. आता आटेही गंजले होते.

"म्याच वाट बुजवली," ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते मला कळले नाही.

वर शिटी थांबली. क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग डॉक्टर म्हणाले, "श्वास आहे, आहे. घाई करा."

ओरखडा नको म्हणणाऱ्या त्या माणसाने चाकू काढला आणि लोखंड चकाकेपर्यंत रंग खरवडला. आटे घासले. पट्टी बसवून बोल्ट आवळला. इंजिन पहिल्या हाकेला बोलले.

सुगणीला इस्पितळाच्या दारातून थेट आत नेले. नळी घातली. पंधरा दिवसांनी ती आजीचे बोट धरून गाडी पाहायला आली आणि सर्जेरावांनी तिला हॉर्न वाजवू दिला.

त्यानंतरही दरवर्षी रंगकाम झाले. फक्त पट्टीखालचे दोन बोटे लोखंड त्यांनी कधी रंगवले नाही. खंडेनवमीला आधी ते पॉलिश पेपरने घासायचे, वरून ग्रीसचा हात द्यायचा आणि मगच पाटावर कुंकू.

१९६७ साली गाडी गेली. मी पत्र्याच्या डब्यात राहिलो. गेल्या हिवाळ्यात सर्जेराव गेले. त्यांची लेक अलका हिने परवा तो डबा उघडला. तिने मला एका बॅटरीला लावून पाहिले. मी पेटलो. डब्याच्या तळाशी झिजलेल्या पॉलिश पेपरचा एक तुकडा होता. तो टाकण्यासाठी तिने हातात घेतला, अंगठा फिरवून पाहिला आणि पुन्हा माझ्याशेजारी ठेवला.

मित्रांनो, आपल्या वस्तूंवर माया करा. त्यांना गंजू देऊ नका. पण रंगाचा ब्रश उचलण्याआधी त्या वस्तूलाच विचारा, तुझी कोणती जागा मी उघडी ठेवू?