फोडणीचा वास

ज्या घरात देवी उतरते त्या घरात फोडणी देत नाहीत, हे कर्जतकडच्या बायकांना शिकवावं लागत नाही. देवी म्हणजे पाहुणी. ती पोराच्या अंगावर फोडांनी येऊन बसते. तिला गारवा लागतो, कडुलिंबाचा पाला लागतो, दहीभात लागतो. तेलात मोहरी तडतडली की तिला चटका बसतो आणि तो राग ती पोरावर काढते. म्हणून दाराला लिंबाचा डहाळा बांधायचा, म्हणजे आल्यागेल्याला कळतं. आणि पाहुणी आपणहून जाईपर्यंत घरादारानं सपक खायचं.

राहीबाईच्या घरात देवी येऊन आठवडा होत आला होता आणि ती रोज दिवेलागणीला फोडणी देत होती.

आतल्या खोलीत ज्वारीच्या रिकाम्या कणगीमागं तिचा सहा वर्षांचा गहिनीनाथ घोंगडीवर पडून होता. तोंडावर, हातापायांवर फोड टरारलेले, एक डोळा चिकटून मिटलेला. राहीबाई चुलीवर पळी तापवायची, बाटलीतलं करडईचं तेल थेंब थेंब मोजून घालायची आणि वर मोहरी-लसूण टाकायची. मोहरी तडतडली की तिला वाटायचं, एकेक दाणा पोराच्या अंगावरच फुटतोय. "आई, माज्यावर काढ राग. म्या करतेय, त्यो न्हाई," ती पुटपुटायची. मग तीच पळी घेऊन दारापर्यंत यायची, पदरानं वारा घालायची आणि वास गल्लीत गेला याची खात्री करून मागं फिरायची. इतकं पाप करून ती आमटी तिच्याच घशाखाली उतरत नव्हती, ते वेगळंच.

ही वेळ तिच्यावर आणली होती गावाच्या शहाणपणानं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. पाडव्याच्या सुमारास बनुबाई देवळाली प्रवऱ्याहून ऊसतोड करून परतली. नवरा तिकडंच राहिला होता, ही पोराला घेऊन टोळीच्या गाडीतून पुढं आली. पंधरवड्यानं तिच्या मच्छिंद्राच्या अंगावर फोड उठले. बनुबाईनं साध्या मनानं, रीतीप्रमाणं, दाराला लिंब बांधला. झालं, गावाची झोप उडाली.

कोणी सांगितलं, देवळालीला उसाच्या फडात माणसं पटापट पडलीत. कोणी सांगितलं, नागापूरच्या कारखान्यातली पोरं हातातलं काम टाकून पळाली. सांगणाऱ्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. पण भ्यालेल्या माणसाला पुरावा लागत नाही, आणि गाव पारावर गोळा झालं. बायका देवळाच्या भिंतीआड उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांत राहीबाईही होती, कडेवर तान्ही घेऊन.

सरपंच आबासाहेब मधोमध बसलेले. "शाळा बंद, बाजार बंद, जत्रा बंद," ते म्हणाले. "येशीवर मानूस बसवू. आत कुनी येनार न्हाई, भाईर कुनी जानार न्हाई."

"आन खायाचं काय?" दुष्काळी कामावर जाणारा एक जण उठला. "काम रस्त्यावर, रस्ता येशीभाईर. घरात बसून काय खडी खायाची?"

गुरुजी म्हणाले, "आजारी माणूस त्याच्या घरातच ठेवा. दाराशी राखण बसवा आणि बाकीच्यांना टोचून घ्या. माणूस गावाबाहेर काढून रोग बाहेर जात नाही."

"गुर्जी, तुमचं बिऱ्हाड नगरला. तुमाला बोलाया काय जातंय?" मागून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. टोचण्याचा विषय तिथंच संपला, कारण टोचणारा आला की पोरं माळ्यावर लपवायची ही त्या गावाची जुनी रीत होती.

मग तडजोड निघाली. काम चालू राहील, बाकी सगळं बंद. आणि ज्या घरात देवी निघेल ते घर ओढ्यापलीकडच्या पडक्या गोठ्यांत जाईल. पूर्वी रोगराई आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर ढकलून गाव मोकळं व्हायचं. या साली गाडा ओढायला बैलच उरले नव्हते, तेव्हा माणसं ढकलायची ठरली. हात वर करणाऱ्यांत राहीबाईचा नवरा, श्रीमंत त्याचं नाव, पुढं होता. गोठ्यांवर राखण ठेवायचं कामही त्यालाच मिळालं. रोजची ज्वारी मिळणार होती आणि अट एवढीच होती की राखणदारानंही गावात यायचं नाही.

राहीबाईला त्या दिवशी बरं वाटलं होतं. घरात दाणा येणार होता आणि रोग ओढ्यापलीकडं जाणार होता. बनुबाई पोराला पाठीशी बांधून गल्लीतून गेली, तेव्हा सगळ्यांबरोबर तिनंही दार लावून घेतलं. चारेक दिवसांनी मच्छिंद्र गेला. उन्हात, पाल्याच्या आडोशाला. गावातलं कोणी मातीला गेलं नाही. खड्डा श्रीमंतानंच खणला.

आणि त्याच आठवड्यात गहिनीनाथाला ताप भरला.

रोज सकाळी राहीबाई भाकरी घेऊन ओढ्याशी जायची, अलीकडच्या दगडावर ठेवायची आणि मागं सरायची. श्रीमंत पलीकडून यायचा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"गहिनी कसा हाय?" तो विचारायचा.

"मामाकडं धाडलाय. गावात नगं म्हनलं."

"ब्येस केलंस," तो म्हणायचा आणि भाकरी उचलायचा. "हितं कुनाचं प्वार येऊ ने बग. म्या पाह्यलंय."

तिला वाटायचं, सांगून टाकावं. पण सांगितलं तर गहिनी याच गोठ्यात येणार आणि त्याच्या बापानंच काठी घेऊन त्याच्यावर पहारा करायचा. श्रीमंत शब्दाचा पक्का, स्वतः हात वर केलेला माणूस. तो काय करील, याचा तिला भरवसा नव्हता. तशीच ती परत फिरायची. गावात वावरावं तर पोर झाकायचं, ओढ्यावर जावं तर तोंड झाकायचं. मोकळा श्वास घ्यायला तिला जागाच उरली नव्हती.

आणि घरात तान्ही होती. आधीची दोन गेली म्हणून हिचं नाव दगडा ठेवलं होतं, काळानं दगड समजून सोडून द्यावं म्हणून. गहिनीच्या खोलीतून बाहेर येऊन राहीबाई तिला पाजायची आणि पाजताना तिचं अंग चाचपायची. अजून ते गार होतं.

अशात एका संध्याकाळी कर्जतहून टोचणारा आला. लोक त्याला देवीडॉक्टर म्हणत. सायकल, खांद्याला पिशवी, तोंडावर धूळ. आबासाहेब त्याला घेऊन गल्लीतून निघाले. तो प्रत्येक दाराशी थांबे आणि एकच विचारी, "घरात देवी आहे का?" प्रत्येक दारातून एकच उत्तर येई. मग तो पोरं कुठं आहेत म्हणून विचारी, आणि पोरं मामाच्या गावाला गेलेली असत.

राहीबाईच्या दाराशी तो थांबला तेव्हा तिच्या एका हातात फोडणीची पळी होती आणि कडेवर दगडा.

"हिला टोचलंय?"

"न्हाई."

"का नाही?" तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "बाई, ऐका. देवीच्या माणसाजवळ राहिलेल्या पोराला वेळेवर टोचलं तर बहुतेक वाचतं. फोड उठल्यावर माझ्या हातात काही नाही. लस थोडी आहे. जिथं देवी आहे तिथं आधी द्यायची. इथं नसेल तर मी पुढच्या गावाला जातो."

आबासाहेब हसले. "सायेब, तुमीबी ह्याच मुलखातले. जरा वास घ्या. अख्ख्या गल्लीत फोडनीचा घमघमाट सुटलाय. एका जरी घरात देवी असती तर अशी फोडनी बसली असती का? बाई कायबी करील, पन आईला चटका देनार न्हाई."

डॉक्टरनं खरंच वास घेतला. त्याचीही आई याच मातीतली असणार, कारण त्याला ते पटलं. त्यानं पिशवीचा पट्टा खांद्यावर सरकवला.

वास राहीबाईनंही घेतला. आठवडाभर ती फक्त आपल्या घरातून बाहेर जाणारा वास बघत होती, बाहेरून आत येणारा तिच्या नाकाला कळलाच नव्हता. समोर गोजरबाईच्या घरात मोहरी तडतडत होती. गोजरबाई, जिनं दिवाळीनंतर तेलाचं तोंड पाहिलं नव्हतं, जी मीठसुद्धा उसनं न्यायची. त्याच्या पलीकडच्या घरात लसूण जळत होता. कोपऱ्यावर आबासाहेबांच्या वाड्यातूनही खमंग धूर येत होता, आणि तो सकाळीही आला होता हे तिला आता आठवलं. रेशनवर तेल येऊन महिना उलटलेला. लोक अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी शिजवून कोरडी गिळत होते. त्या गावात घरोघरी फोडणी? आणि दुष्काळात भाच्यांना बोलावून घेणारे एवढे मामा कुठून आले?

तिला वाटत होतं ते चुकीचंही असेल. चुकीचं असलं तर लिंब एकट्या तिच्याच दाराला लागेल आणि उद्या गहिनी बापाच्या पहाऱ्यात जाईल. पण डॉक्टर सायकलीकडं वळला होता आणि कडेवरचं अंग आज गार होतं, उद्याचं कोणी सांगावं.

तिनं पळी पाण्याच्या बादलीत बुडवली. चर्र झालं. ती आत गेली, गहिनीच्या उशाखालचा लिंबाचा डहाळा ओढून काढला. चोरून आणलेला, अर्धा वाळलेला. बाहेर येऊन तिनं तो दाराच्या कडीला अडकवला.

"माज्या घरात हाय," ती म्हणाली. "आठ दिस झालं. हिला टोचा."

आबासाहेबांचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. मग ते म्हणाले, "राहीबाई, नेम ठाऊक हाय न्हवं? उद्या सकाळच्याला..."

समोरच्या घरातली तडतड थांबली. गोजरबाई दारात आली. तिनं राहीबाईकडं पाहिलं नाही, कोणाकडंच पाहिलं नाही. हातातला लिंब दाराला खोचला आणि उंबऱ्यावर बसून रडायला लागली. मग तिच्या पलीकडचं दार. मग त्याच्या पलीकडचं. प्रत्येक बाई तेवढंच करत होती. लिंब बांधायची आणि मान खाली घालायची.

शेवटी वाड्याचं दार उघडलं. आबासाहेबांची बायको भीमाबाई नातवाचा हात धरून बाहेर आली. हा नातूही म्हणे पाडव्याच्या आधीपासून मामाकडं होता. पोरगं चालत होतं, हिंडत होतं. त्याच्या तोंडावर फोड नव्हते, खपल्याही नव्हत्या. नुसते खोल, गुलाबी वण होते. देवी येऊन, राहून, केव्हाच परत गेली होती. बनुबाई देवळालीहून निघायच्या आधीच ती वाड्यात मुक्कामाला होती. गावात देवी कोणी आणली यावर पारावर एवढा खल झाला, आणि ज्याला माहीत होतं तोच मधोमध बसला होता.

"अहो, आता पुरं झालं," भीमाबाई नवऱ्याला म्हणाली. "सुनंलाबी काल ताप भरलाय."

डॉक्टरनं पिशवी खाली ठेवली. कंदिलाच्या उजेडात त्यानं सुई काढली आणि पहिल्यांदा तान्हीचा दंड धरला. पोर कळवळून रडली. राहीबाईला ते रडणं ऐकून आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. देवी आलेलं माणूस त्याच्याच घरात ठेवायचं, दाराशी राखण बसवायची, असं डॉक्टरनं सांगितलं. गुरुजींनी सांगितलं होतं तेच. ह्या खेपेला कोणी हसलं नाही. ओढ्यावर न्यायचं नाव तर कोणी काढलंच नाही, कारण न्यायला आणि राखायला माणसं पुरली नसती.

सकाळी राहीबाई ओढ्यावर गेली. या वेळी ती दगडापाशी थांबली नाही. श्रीमंत काठी घेऊन उठला. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, फोडणीसकट. तो ऐकत राहिला. मग त्यानं काठी टाकली आणि तो गावाकडं चालू लागला. थोड्या अंतरावर तो धावायला लागला.

बनुबाई गोठ्यामागं बसली होती, दगडांनी झाकलेल्या लहानशा ढिगापाशी. राहीबाई तिच्याजवळ टेकली.

"बने, चल घरी. आता कुनी आडवत न्हाई. घरोघरी हाय. आबासायबाच्या घरात तर तुज्या आधीपासनं हुती. तू आनली न्हाईस."

बनुबाईनं ढिगावरचा घसरलेला दगड सरळ केला. मग ती हळू आवाजात बोलली.

"रोज सांजच्याला गावाकडनं वारा यायचा. फोडनीचा वास यायचा. मच्छिंद्र हुता तवाबी, मागनंबी. म्या म्हनायची, समद्यांच्या घरी ब्येस चाललंय, आई मपल्यावरच कोपली. मपलं काय चुकलं, म्हनून तिला इचारीत बसायची." तिनं गावाकडं पाहिलं. "काल लई येळ बसले. काल वास आला न्हाई."

राहीबाईनं तिच्या पाठीवर ठेवायला हात उचलला. बोटांना अजून लसणाचा वास येत होता. तिनं हात पदराखाली घेतला आणि तशीच बसून राहिली.