परातीतलं लाल पाणी

"लाल झालं! लाल झालं!"

कंसारांच्या वाडीत, म्हणजे तांबटांच्या समाजगृहात, एकच गिल्ला झाला. भिंतीलगत माणसं ओळीने बसली होती. प्रत्येकाचे पिवळा लेप लावलेले पाय वाफाळत्या पाण्याच्या पितळी परातीत, आणि ते पाणी बघता बघता रक्तासारखं होत होतं. संधिवाताने आखडलेले, मफलर गुंडाळलेले म्हातारे आपापल्या परातीकडे असे कौतुकाने बघत होते, जणू नातवाचं बारसं चाललंय. जामनगरात थंडी कडाक्याची होती, तरी पहाटेपासून दाराशी रांग लागली होती.

मधोमध चौरंगावर ओजानंदबापू बसले होते. वर भगवी शाल, आत उंची स्वेटर.

"हेमंतात साचतं, शिशिरात थिजतं, वसंतात फुटतं!" बापू गरजले. "काय?"

"विष!" सभा ओरडली.

"डॉक्टरच्या सुईने काय होतं?"

"आत ढकललं जातं!"

"आणि आमच्या हिमालयातल्या लेपाने?"

"बाहेर येतं!"

असली घोकंपट्टी कीर्तिदाबेनने आपल्या सातवीच्या विज्ञानाच्या तासाला खपवून घेतली नसती. पण इथे तिचा सख्खा थोरला भाऊच पहिल्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्याने ओरडत होता. व्रजलालला मधुमेह होता, आणि बापूंच्या शब्दाखातर त्याने इन्सुलिन बंद केलं होतं.

"मोटाभाई, उठा. दवाखान्यात चला," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

"बस गं! मास्तरकी शाळेत कर. हे बघ, पहिल्या दिवशी रक्त होतं, आज गुलाबी झालंय. संपत आलं विष."

"साखर तपासली का?"

"तपासली की. वाण्याच्या दुकानात. गोड आहे!"

शेजारचे खो खो हसले. व्रजलालच्या तळपायांना कित्येक महिने काही कळत नव्हतं, चप्पल निसटली तरी पत्ता लागत नसे. आणि आता म्हणत होता, पाय कसे हलके झालेत! कीर्तिदाबेनला त्याचा संताप आला, आणि भीतीही वाटली.

रविवारी भाभीने घरी गाठिया तळले. व्रजलालने ताट बघितलं आणि सरकवलं.

"हे काय? लाल ठिपके!"

"खार जास्त पडला वाटतं," भाभी ओशाळली. "पापडखार हळदीला लागला की होतं असं."

"नेऊन टाक. असला गाठिया कोण खाईल?"

कीर्तिदाबेनचा हात तोंडाशीच थांबला. दरवर्षी ती वर्गात हळदीच्या कागदावर साबण लावून पोरांना लाल रंग दाखवायची. आणि इतके दिवस भावाचे पिवळे पाय बघूनही तिच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता! पण ती एकटीच कुठे? तान्ह्या पोराच्या हातातही गाठिया देणारं हे गाव. ताटात एक लाल ठिपका दिसला तर हलवायाच्या सात पिढ्यांची खरडपट्टी काढतं. त्याच गावाने वाडीत परातीच्या पराती लाल झालेल्या बघितल्या आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी ती भाभीला घेऊन वाडीत गेली. पिशवीत एक कोरं लाटणं होतं आणि खमणासाठी आणलेल्या लिंबूसत्त्वाची पुडी.

"बापू, यालाही लेप लावा. फार थंडी वाजते बिचाऱ्याला."

लोक हसले. बापूंचा चेला गोंधळला, तशी तिनेच लेपाच्या वाटीत लाटणं बुडवलं आणि एका ताज्या परातीत धरलं. पाणी लालभडक झालं.

"लाटण्याला कसला संधिवात हो, बापू?"

बापू डगमगले नाहीत. "बेटी, लाकूड म्हणजे वृक्ष. वृक्षातही शिशिराचं विष असतं!"

"वाह, बापू!" मागून कुणीतरी म्हणालं. त्याला बुद्धी दिली असती तरी त्याने ती प्रसाद म्हणून वाटून टाकली असती.

कीर्तिदाबेनने लिंबूसत्त्व परातीत ओतलं. पाणी फसफसून फेसाळलं आणि पिवळं झालं.

"मग आता विष कुठे गेलं? लिंबाला भिऊन हिमालयात?"

"अगं बाई!" भाभी किंचाळली. "पापडखार! पाण्यात पापडखार आहे आणि लेपात हळद!"

मग सगळ्या बायकाच उठल्या. "रोज खार कमी करत गेला मेला! म्हणून गुलाबी!" "आमच्याच स्वयंपाकघरातलं आम्हालाच दाखवतोस होय रे?"

बापू नकारात्मक लहरींबद्दल काहीतरी पुटपुटत शाल सावरून मागच्या दाराकडे सरकले.

पहिल्या रांगेत बसलेल्या व्रजलालचा मात्र चेहरा उतरला होता. "आण इकडे," तो म्हणाला आणि उरलेली पुडी त्याने स्वतःच्याच परातीत रिकामी केली. गुलाबी पाणी फेसाळून पिवळं झालं. फक्त डाव्या अंगठ्यापाशी एक लाल रेघ उरली. तो पाय हलवून बघत राहिला, रेघ लांबत गेली.

"कीर्ती, हे का जात नाही गं?"

"मोटाभाई, ते तुमचं रक्त आहे."

कढत पाण्याने आणि खाराने कातडी सोलली होती, जखम सडत होती, आणि वरचा लेप ते सगळं झाकत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं.

अंगठा कापावा लागला. पाय वाचला. व्रजलाल आता इन्सुलिन घेतो, सकाळच्या उन्हात बसतो, भाभी अंगाला तिळाचं तेल चोळून देते. त्यात वाईट काहीच नाही. हिवाळ्यात तेल चोळा, ऊन खा, गरम जेवा. पण चालू औषध बंद करायला सांगणारा माणूस समोर आला, तर निदान तेवढी चौकशी करा जेवढी गाठियाच्या ताटातल्या लाल ठिपक्याची करता.