नितळ पाण्याचा क्षय

मंगळवार पेठेतल्या त्या सभागृहात पाऊल ठेवायला जागा नव्हती. मंचावर जांभळ्या दिव्याखाली, रोग्याची थुंकी मिसळलेला पाण्याचा एक पेला हिरवागार उजळला होता.

"रोग बघा, पावणं, रोग! डॉक्टरला दुर्बिणीतनं दिसत न्हाय, त्यो हितं पेल्यात पेटलाय!" तेजोनाथ महाराज गरजले. त्यांनी पळीभर तीर्थ ओतले, उजेड विझला. "पळाला की न्हाय घाट उतरून?"

जयजयकार झाला. गुरुसिद्धांना मात्र काहीच वाटले नाही. पत्नी शिवलीलाबाईंची थुंकी कुपीत घेऊन ते रांगेत उभे होते. मागल्या खेपेस असाच उजेड विझला आणि रोग गेला असे समजून क्षयाच्या गोळ्या थांबल्या. तीर्थाला प्रश्न विचारायचा नसतो, हा घरचा संस्कार. आता शिवलीलाबाईंच्या खोकल्यातून रक्त पडत होते.

शेजारी भाची विद्याश्री होती. विद्यापीठात औषधांवर संशोधन करणारी.

"मामा, आमी बी चमकणारा रंग वापरतोय. जंतूत आरएनए नावाचा धागा असतोय. रंग त्याला चिकटला की जास्त चमकतोय. औषधानं ती जागा धरली की रंग सुटतोय, चमक घटती."

"मग ह्ये खरंच म्हण की."

"चमक घटली म्हणून आमी नाचत न्हाय. औषधानं नुसती रंगाची चमकच मारली असंल तर? म्हणून धागा न घालता, नुसत्या रंगात बी औषध टाकून बघतोय."

गुरुसिद्धांचा नंबर आला. त्यांनी कुपी पुढे केली नाही.

"महाराज, आधी नुसत्या पाण्यात दावा."

"तीर्थाची परीक्षा? शंकेखोराच्या घरात रोग ठाण मांडतोय!"

"मांडलाय की," गुरुसिद्ध सपाट स्वरात म्हणाले.

"दावा की वो!" मागून रांगेतल्या धोंडुबाई ओरडल्या. "पाण्याला काय क्षय झालाय?"

विद्याश्रीने मंचावरच्या रिकाम्या पेल्यात माठातले पाणी ओतले. पेला हिरवा पेटला.

"अगं बया, झालाय की!" धोंडुबाई म्हणाल्या.

सभागृह हसले. विद्याश्रीने पूजेच्या ताटातले लिंबू कापून पेल्यात पिळले. तीर्थाविनाच उजेड मावळला.

डोळे तपासताना वापरतात तो रंग पेल्यांच्या तळाशी आधीच लावलेला होता. जांभळ्या दिव्यात तो हिरवा चमकतो, आंबटाने विझतो. तीर्थात लिंबाचा रस होता, एवढेच.

गुरुसिद्ध रागावले नाहीत, रडलेही नाहीत. त्याच दुपारी त्यांनी शिवलीलाबाईंना रिक्षाने दवाखान्यात नेले. उपचार पहिल्यापासून सुरू झाले. त्या वाचतील, असे वचन डॉक्टरांनी दिले नाही.

सुजनहो, तीर्थ श्रद्धेने घ्यावे. औषध मात्र पारखूनच घ्यावे. ईश्वर सत्यस्वरूप आहे असे आपण म्हणतो. मग आपल्या प्रश्नांनी तो कोपेल कसा?