मुंगसाचं तोंड

रुचाचं डोकं तापलं होतं, आणि त्याला कारण एक मुंगूस. खरं नव्हे, मोबाईलच्या गेममधलं. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती आपल्या गावी, बेलापुरात, घरी बसून गेमची चित्रं काढायची. नव्या गेममध्ये एक पोरगा उसाच्या बांधावरून, पाटाच्या भिंतीवरून उड्या मारत पळतो. वाटेत साप, रानडुकरं आणि कसली कसली जनावरं. त्यात हे मुंगूस तिनं स्वतः हट्टानं घुसवलं होतं. काम एवढंसंच. ते आडवं जातं. खेळणारा थांबला तर मान वळवून तोंड दाखवतं आणि मग बांधात चोरवाट उघडते.

तिच्या मते यात समजावण्यासारखं काही नव्हतंच. मुंगूस आडवं गेलं की थांबायचं, रामाची शपथ घालून त्याला तोंड दाखवायला सांगायचं, आणि तोंड दिसलं की दिवस चांगला जातो. बेलापुरात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

कंपनीतल्या अनिमेषला मात्र ठाऊक नव्हतं. पुण्यात ज्यांनी गेम खेळून पाहिला, त्यांनी सरळ मुंगसाच्या डोक्यावर उडी मारली. हलतंय म्हणजे शत्रू, एवढीच त्यांची अक्कल.

"तुझ्या गावात खेळवून बघ," अनिमेष फोनवर म्हणाला. "लोक चोरवाटेनं गेले तर ठेवू. नाहीतर ते मुंगूस काढायचं."

रुचा खूश झाली. आळीतल्या सगळ्यांच्या मोबाईलवर तिनं गेम टाकून दिला आणि आता बघाच म्हणत वाट पाहत बसली. आठवड्यानं अनिमेषचा फोन आला.

"तुझे लोक मुंगसापाशी थांबतात खरे."

"मग! मी काय म्हणत होते?"

"थांबतात आणि गेम बंद करतात. सगळेच्या सगळे. हे जनावर आपली माणसं घालवतंय, रुचा. आज संध्याकाळपर्यंत काढ."

रुचा तणतणत शेजारी गेली. गहिनीनाथ टेम्पोत कांद्याच्या गोण्या रचून वरून दोर आवळत होता.

"भाऊ, तुम्ही गेम कुठपर्यंत खेळता?"

"मुंगसापतूर."

"आणि पुढे?"

"फुडं काय? त्येनं तोंड दावलं. आजून काय पायजे?"

"अहो, पुढे चोरवाट आहे! खजिना आहे!"

"आसंल की," गहिनीनाथनं शांतपणे गाठ मारली. "पन येवढं चांगलं झाल्यावर फुडं जाऊन साप कशाला बगायचा?"

रुचानं कपाळाला हात लावला. त्याचं काहीच चुकत नव्हतं, आणि म्हणूनच तिचा जास्त जळफळाट झाला. तिनं अनिमेषला परत फोन लावला. मुंगूस अगदी शेवटाला ठेवते, म्हणाली. वेळ नाही, म्हणाला. ते गेम सोडून जात नाहीत रे, त्यांचं काम झालेलं असतं, असंही तिनं सांगून पाहिलं. तो हसला. "हे मी वरच्यांना कसं सांगू?" ते तिलाही सांगता येईना.

शेवटी दात-ओठ खात तिनं मुंगूस काढून टाकलं, आणि आळीतल्या मोबाईलवरचा गेमही रात्रीतून आपोआप बदलला. जेवताना आईशी धड बोललीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गहिनीनाथ दारात. भरलेला टेम्पो बाहेर चालूच होता.

"ताई, गेम बिगाडला का वं? मुंगूस येईना."

"काढलं त्याला. कंपनीनं सांगितलं."

"आसं कसं काढलं? मी रोज निगायच्या आदी बगतो. आमच्या आळीत समदेच बगत्यात."

"रोज?"

"रोज म्हंजी रोज. आन आज तर पार शेवगावला जायाचंय."

रुचाच्या आत्ता लक्षात आलं. माणसं गेम कुठे सोडतात तेवढंच अनिमेषनं पाहिलं होतं. तीच माणसं रोज सकाळी परत येतात, हे त्यानं पाहिलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं. तिला रडू येईल इतका राग आला, त्याचा आणि स्वतःचाही. तिनं तिथंच फोन लावला. एवढ्या सकाळी तो कसला उचलतोय! घंटी नुसती वाजत राहिली.

गहिनीनाथ अजून आपल्या मोबाईलकडे बघत होता. त्यात तो पोरगा मोकळ्या बांधावरून एकटाच पळत होता.

"मंग आता निगू का न्हाई," तो म्हणाला, "त्ये तरी सांगा."